हिमतारा बियरचा पत्रा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पत्रा आहे. बियरच्या जाहिरातीचा. उंचीला एका माणसाएवढा, रुंदीला एका दाराएवढा. माझ्या अंगावरचा रंग ब्रशाने दिलेला नाही. तो काचेसारखा मुलामा आहे, भट्टीत भाजून पक्का केलेला. तो पाण्याने जात नाही, उन्हाने विटत नाही आणि खरवडला तरी निघत नाही. पूर्वी याचा मला फार अभिमान वाटायचा. आता वाटत नाही. का, ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म फार दूर, पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे आम्हा पत्र्यांवर रंगाची पूड पसरायचे आणि आम्हाला भट्टीत सरकवायचे. प्रत्येक रंगासाठी पुन्हा भट्टी. निळा रंग चढला, मग पांढरा, मग पिवळा. शेवटी माझ्या पोटावर एक तपकिरी बाटली उमटली. तिच्यावर दवाचे थेंब होते. शेजारी फेसाने भरलेला ग्लास होता आणि वर एक मोठी पांढरी चांदणी. बियरचे नावच हिमतारा होते.

माझ्याबरोबर पुष्कळ भावंडे तयार झाली. चित्र सगळ्यांचे सारखे, पण वाक्ये निरनिराळी. एकाच्या कपाळावर होते, ‘ऊन तुमचे, गारवा आमचा’. दुसऱ्याच्या कपाळावर, ‘मित्र आले? हिमतारा काढा’. माझ्या वाट्याला आलेले वाक्य होते, ‘घरी जाण्याआधी, एक गार हिमतारा!’ कंपनीच्या साहेबांना ते सगळ्यांत जास्त आवडले होते. ते म्हणाले, की दिवसभर काम करून थकलेला माणूस हे वाचून चालता चालता थांबलाच पाहिजे.

भावंडांपैकी कुणी हैदराबादला गेले, कुणी सोलापूरला. मी रेल्वेने गुलबर्ग्याला उतरलो आणि तिथून ट्रकमध्ये पडून औरादला आलो. औराद कर्नाटकात असले तरी तिथे घरोघरी मराठी बोलतात, म्हणून मराठी वाक्याचा पत्रा तिकडे धाडला होता. बसस्टँडसमोर नरसागौड नावाच्या माणसाचा बार होता. त्याने मला दारावर उंच टांगले आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन, कमरेवर हात ठेवून, कितीतरी वेळ माझ्याकडे बघितले.

मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस होते. लोक एकमेकांना सांगायचे, ‘हिमताराच्या बोर्डाखाली थांब, मी येतो.’ बाजाराच्या दिवशी खेड्यांतून आलेली माणसे माझ्या सावलीत पिशव्या ठेवायची. नुकतीच अक्षरे शिकलेली मुले जोडून जोडून माझे वाक्य वाचायची, आणि सोबत आई असली तर ती त्यांचा हात ओढून पुढे न्यायची. त्या बाया असे का करतात, ते मला कळत नसे. मला वाटे, त्यांना वाचता येत नाही म्हणून रागवत असतील.

संध्याकाळी येणाऱ्यांत नरसिंग नावाचा एक हमाल होता. मुगाच्या आणि तुरीच्या पोत्यांनी त्याचे खांदे रुंद झाले होते. तो भीमनगरात राहायचा. तो कधी भांडला नाही, कधी ओरडला नाही. काम सुटले की घराकडे निघायचा, माझ्यासमोर आला की पाय अडखळायचा. वर बघायचा. मग आत जायचा. साहेबांना हवे होते तसेच होत होते.

एका सुट्टीच्या दिवशी तो आपल्या लहान मुलीला, दीपमालाला, घेऊन बाजारात आला. तिच्यासाठी चपला घ्यायच्या होत्या. चपला घेऊन झाल्या. परत जाताना तो माझ्यासमोर थांबला. मुलीला म्हणाला, की इथे पायरीवर बस, मी हा आलोच. ती बसली. नव्या चपला तिने पायातून काढून मांडीवर ठेवल्या होत्या.

तो आलाच नाही. ऊन पायरीवर आले, तशी मुलगी सरकून सावलीत गेली. मग सावलीही सरकली. समोर बिदरची गाडी लागली होती. गाडीत चढणाऱ्या एका बाईच्या अंगावर हिरवे लुगडे होते. दीपमालाच्या आईचेही तसेच होते. मुलगी उठली, रस्ता ओलांडला आणि त्या बाईमागून गाडीत चढली.

मी सगळे पाहत होतो. मला ओरडायचे होते. पण माझ्या तोंडात एकच वाक्य होते, आणि ते मी त्याही वेळी सगळ्या रस्त्याला सांगत उभा होतो. गाडी निघून गेली.

नरसिंग बाहेर आला तेव्हा पायरी रिकामी होती. त्याने आधी हाका मारल्या, मग तो धावू लागला, मग पुन्हा पायरीशी आला, जणू ती तिथेच असेल आणि आपल्याला दिसली नसेल. नरसागौडाने दुकान सोडून स्टँडवर चौकशी केली. कुणीतरी भीमनगरात निरोप दिला आणि मुलीची आई सावित्रीबाई धावत आली. दिवस मावळायच्या सुमाराला बिदरच्या वाटेवरच्या संतपूरहून परत आलेल्या गाडीच्या कंडक्टरने मुलीला कडेवर घेऊन खाली उतरवले. चपला तिने छातीशी धरल्या होत्या. सावित्रीबाईने तिला घेतले आणि ती चालू लागली. नवऱ्याकडे तिने बघितलेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवसापासून नरसिंग माझ्या दारात आला नाही. तो रस्त्याच्या पलीकडून, मान खाली घालून, भराभर जायचा. मला वाटले, सुटला बिचारा.

पुढे दिवस बदलले. सरकारने दारूच्या जाहिरातींना बंदी घातली तेव्हा हिमताराच्या नावाने सोड्याच्या बाटल्यांच्या जाहिराती झळकल्या. मग हिमतारा कंपनीच बंद पडली. नरसागौडाने दिवे लागणारा प्लास्टिकचा बोर्ड आणला आणि मला उतरवून परसात रिकाम्या बाटल्यांच्या मागे उभे केले. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. ज्या पत्र्याखाली अख्खे गाव थांबत होते, त्याच्याकडे बघायला कुणी उरले नाही.

काही वर्षे अशीच गेली. एक दिवस सावित्रीबाई तिथे आली. बरोबर शेजारची राजूबाई होती. सावित्रीबाईच्या घरामागे न्हाणी होती, म्हणजे शहाबादी फरश्या तीन बाजूंनी उभ्या करून केलेला आडोसा. चौथ्या बाजूला जुन्या साडीचा पडदा होता आणि तो वाऱ्याने उडायचा. दीपमाला आता मोठी झाली होती. उजाडले की तिला आंघोळीची लाज वाटायची. सावित्रीबाईने नरसागौडाकडे एखादा पत्रा मागितला. त्या दिवशीची रिकामी पायरी तोही विसरला नव्हता. तो म्हणाला, की अक्का, पाहिजे तो घेऊन जा.

सगळ्यांत मोठा मीच होतो. दोघींनी मला डोक्यावरून नेले. सुताराने मागून लाकडी पट्ट्या मारल्या, बिजागऱ्या बसवल्या आणि मी दार झालो. सावित्रीबाईला वाचता येत नव्हते, पण बाटली तर दिसत होती. ती सुताराला म्हणाली, की हे चित्र आतल्या अंगाने कर. बियरची बाटली दारात दिसली तर लोक काय म्हणतील? आधीच पुष्कळ म्हणून झाले होते.

अशा रीतीने माझे तोंड आत गेले. जो मी बसस्टँड, बाजार, येणारी-जाणारी माणसे पाहत होतो, त्या माझ्यासमोर आता तीन फरश्या, एक रांजण आणि बसायचा दगड एवढेच उरले. बाहेरच्या जगाचा मला फक्त आवाज यायचा. पण दीपमाला पहिल्यांदा दार लावून, कडी घालून, उजेडात निवांत आंघोळीला बसली तेव्हा ती गुणगुणत होती. तेव्हा मला वाटले, असू दे, काहीतरी चांगले घडले.

त्या वेळी नरसिंग बिदरला इमारतीच्या कामावर गेला होता. तो परत आला, त्याने नवे दार बाहेरून पाहिले, हाताने ढकलून बघितले आणि चांगले झाले म्हणाला. मग बादली घेऊन आत आला. कडी लावली आणि वळला.

मित्रांनो, त्याचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. तो दगडावर बसला. पाणी अंगावर घेतले नाही. तो बाटलीवरचे थेंब पाहत राहिला. त्याला दारू सोडून कितीतरी वर्षे झाली होती, घरातले सगळे ते विसरूनही गेले होते. पण त्याला विसरता आलेले नव्हते. आणि ज्या वाक्यापासून तो रस्त्याच्या पलीकडे पळत होता, तेच आता त्याच्या न्हाणीत, हाताच्या अंतरावर उभे होते.

दुसऱ्या दिवसापासून तो आत आला की आधी टॉवेल माझ्यावर टाकायचा, बाटली झाकेल असा. तरी वरचे वाक्य उघडेच राहायचे. पुढे त्याने धोतर आणले. ते मोठे होते, पण ओले झाले की घसरायचे. एकदा धोतर खाली पडले तेव्हा तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “तू बी आत, मी बी आत.” एवढे एकच वाक्य तो माझ्याशी आजवर बोलला.

एका हिवाळ्यात त्याने दगड घेऊन मला खरवडायला सुरुवात केली. पण मी भट्टीत भाजलेला. एका कोपऱ्यातला टवका तेवढा उडाला. आवाज ऐकून सावित्रीबाई बाहेरून म्हणाली, की पोरीसाठी एवढ्या कष्टाने दार केले ते मोडता कशाला? त्याने दगड खाली ठेवला.

त्यानंतर तो न्हाणीत यायचा बंद झाला. गल्लीतल्या हातपंपावर, कडाक्याच्या थंडीत, उघड्यावर आंघोळ करू लागला. बायका हसायच्या. राजूबाईने सावित्रीबाईला विचारले, की तुझ्या माणसाला घरची न्हाणी का चालत नाही? सावित्रीबाईला फार लागले. तिने ते मनात ठेवले, त्यालाही विचारले नाही. दोघे एकाच घरात होते, दोघांचे दुःख माझ्या दोन बाजूंना उभे होते आणि मधे मी होतो. मला सगळे ठाऊक होते. पण मला काय सांगता येत होते? तेच, एक गार हिमतारा.

शेवटी दीपमालाच म्हणाली, “अप्पा, शाळंतल्या पोरी तिथंच पाणी भरायला येतेत. तुमी तिथं नका बसू.” तो बरं म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी बादली घेऊन पुन्हा आत आला. माझ्याकडे पाठ करून बसला. पुढची सगळी वर्षे तो असाच बसला. पाठ केली तरी त्याची मान ताठ असायची, जशी मागे कुणी उभे आहे हे माहीत असलेल्या माणसाची असते.

दीपमाला शिकली आणि गुलबर्ग्याच्या दवाखान्यात नर्स झाली. या वर्षी तिने आईवडिलांसाठी फरशी आणि नळ असलेले नवे न्हाणीघर बांधून घेतले. जुना आडोसा पाडला. गवंड्याने मला बिजागरीतून काढले आणि लिंबाच्या झाडाला टेकवून उभे केले, तोंड बाहेर करून. इतक्या वर्षांनी माझ्या अंगावर ऊन पडले. मी आभाळ पाहिले. रस्त्यावरून जाणारी मोटारसायकल पाहिली. किती आनंद झाला म्हणून सांगू!

दीपमालाने माझा फोटो काढून मोबाईलच्या स्टेटसला ठेवला. तो बघून तिच्या ओळखीचा विजयेंद्र नावाचा तरुण गुलबर्ग्याहून गाडी घेऊन आला. तो तिथे नवे हॉटेल काढत होता आणि त्याच्या भिंतींवर जुन्या जाहिराती लावणार होता. त्याने खिशातला रुमाल काढून मला पुसले. माझ्या चांदणीवरून बोट फिरवले. असा माल आता मिळत नाही म्हणाला. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मला त्याच्याबरोबर जायचे होते. पुन्हा दिवे, पुन्हा माणसे, पुन्हा कुणीतरी वाचणार. सावित्रीबाईही म्हणाली, की घेऊन जा बाबा, आम्हाला याचा काय उपयोग?

तेव्हा विजयेंद्राने माझे वाक्य मोठ्याने वाचले. “घरी जाण्याआधी, एक गार हिमतारा!” तो हसला. “वा, काय लिहायचे तेव्हाचे लोक. काका, हा मी हॉटेलच्या दारातच लावतो.”

सावित्रीबाई सुपात तूर निवडत बसली होती. तिचा हात थांबला. काय वाचलेस, म्हणून तिने विचारले. त्याने पुन्हा वाचले. ती ओट्यावर बसलेल्या नवऱ्याकडे वळली.

“हे असं लिहिलंय त्याच्यावर? अन् तुमी रोज सकाळी हे वाचून आंघोळ केली?”

“वाचायला लागतंच न्हाई,” नरसिंग म्हणाला. “डोळे मिटले तरी दिसतंय.”

दीपमाला म्हणाली, “अप्पा, मी तर रोज नुसती जाहिरात म्हणून वाचायची. तुमी सांगायचं की. उलटं लावलं असतं.”

“उलटं लावलं असतं तर साऱ्या गल्लीनं वाचलं असतं. माझ्यापायी तुज्या मायनं लोकांचं लई ऐकलंय. अन् काढा म्हणलो असतो तर तू न्हायची कुठं?”

सावित्रीबाईने सूप खाली ठेवले. “मला एकलीला तरी कामून न्हाई सांगितलं?”

विजयेंद्र रुमाल हातात धरून तसाच उभा राहिला.

“सांगितलो असतो तर तुला कळलं असतं, मला अजून पाहिजे वाटतंय. तू समजली व्हतीस, ह्याची सुटली. तसंच राहू दे म्हणलो.”

“अजून वाटतंय?”

“रोज न्हाई. पर वाटतंय.”

“आज?”

“आता ह्या पोरानं वाचलं, तवा वाटलं.”

सावित्रीबाई उठून त्याच्याजवळ गेली आणि ओट्यावर बसली. हातपंपाच्या दिवसांत तिला वाटले होते, की आपण केलेले दार त्याला नको आहे, आपणच त्याला नको आहोत. तिने ते आता सांगितले, हळू आवाजात, जमिनीकडे बघत. तो ऐकत राहिला. दीपमाला आत जाऊन चहा करू लागली, पण चहा उतू गेला तरी तिचे लक्ष नव्हते.

विजयेंद्र भला मुलगा होता. तो म्हणाला, की मावशी, तुमच्या मनात नसेल तर राहू द्या. निघण्यापूर्वी त्याने एकदा विचारून पाहिले, दारात नको तर आतल्या भिंतीवर लावू का? सावित्रीबाई म्हणाली, “न्हाई बाबा. ह्यो कुणाच्याच भिंतीला नको.” त्याने चहा घेतला, दोघांना नमस्कार केला आणि तो गेला. त्याच्या गाडीची धूळ खाली बसेपर्यंत मी रस्त्याकडे पाहत होतो.

मग माझे काय करायचे, यावर घरात बोलणे झाले. दीपमाला म्हणाली, भंगारात द्या. नरसिंग म्हणाला, की भंगारवाला विकेल आणि पत्रा पुन्हा कुठेतरी टांगला जाईल. नव्या न्हाणीघरापुढे पाणी साचून चिखल व्हायचा. दुसऱ्या दिवशी नवराबायकोने मिळून मला तिथे आणले, उपडे घातले आणि माझ्या पाठीवर जुन्या आडोशाची एक शहाबादी फरशी बसवली. चित्र खाली, चिखलात.

आता मी तिथेच आहे. माझ्यासमोर अंधार आहे आणि ओल आहे. गांडुळे माझ्या चांदणीवरून जातात. माझा रंग अजूनही गेलेला नाही, तो जाणारही नाही. कधी कधी मला गुलबर्ग्याच्या त्या भिंतीची आठवण येते आणि वाईट वाटते. बाहेर यायची माझी इच्छा मेलेली नाही. पण माझे तोंड मातीत आहे आणि या गल्लीत ते कुणालाच वाचता येत नाही, हे बरे आहे, एवढे मलाही कळते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात. माझ्यासाठी तसे काही करू नका. पण तुमच्या घरात कुणी उगीच गप्प राहत असेल, कुणी एखाद्या गोष्टीकडे पाठ करून बसत असेल, तर त्याच्यावर रागावू नका, हसूही नका. जवळ जाऊन विचारा. मला इतकी वर्षे सगळे दिसत होते आणि एक शब्द विचारता येत नव्हता. तुम्हाला येतो.

संध्याकाळी काम आटोपले की ती दोघे माझ्या पाठीवरच्या फरशीवर येऊन बसतात. आधी कपबश्यांचा आवाज येतो. मग सावित्रीबाई विचारते, “आज कसं हाय?” बहुतेक दिवशी तो म्हणतो, “बरं हाय.” मग दोघे चहा पितात आणि ती भाकऱ्या करायला आत जाते.

काही दिवशी तो काहीच बोलत नाही. त्या दिवशी ती उठत नाही.